सही न करणारा देशभक्त : जॉन डिकिन्सन

अमेरिकेच्या राजधानीत, तेथील कायदेमंडळाच्या भव्य घुमटाखाली, जॉन ट्रंबुल या चित्रकाराचे एक विशाल तैलचित्र १८२६ सालापासून लावलेले आहे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा काँग्रेसपुढे ठेवला जात आहे, असा तो प्रसंग. चित्रात एकंदर ४७ व्यक्ती आहेत. त्यांपैकी ४२ जणांच्या सह्या जाहीरनाम्यावर आहेत. उरलेल्या पाचांच्या नाहीत. या पाचांत एक गृहस्थ असा आहे की, ज्याने सही तर केली नाहीच, उलट तो ठराव त्या वेळी मंजूर होऊ नये म्हणून आपले सारे वक्तृत्व पणाला लावले होते. त्याचे नाव जॉन डिकिन्सन.

ज्याने स्वातंत्र्याच्या ठरावाला विरोध केला, त्याला स्वातंत्र्याच्या चित्रात स्थान का मिळावे? हा विरोधक ठराव मंजूर होताच घरी जाऊन बसला नाही; थोड्याच दिवसांत आपल्या पलटणीच्या अग्रभागी राहून तो शत्रूच्या समोर जाऊन उभा राहिला. मतदानाच्या वेळी एक आणि रणांगणाच्या वेळी दुसरे, असे हे वागणे काहींना विसंगत वाटले, काहींना दुबळेपणाचे वाटले. परंतु त्या वागण्यामागे एक सरळ सूत्र होते, असे मला वाटते. ते सूत्र उलगडून पाहण्याचा आज आपण प्रयत्न करू.

डिकिन्सनचा जन्म १७३२ च्या नोव्हेंबर महिन्यात मेरीलँड वसाहतीत झाला. जॉर्ज वॉशिंग्टनही त्याच वर्षी जन्मलेला. वडील सॅम्युएल डिकिन्सन हे तंबाखूचे मोठे बागायतदार. जॉन आठ-नऊ वर्षांचा असताना हे कुटुंब डेलावेअरमधील डोव्हर गावाजवळ आपल्या जमिनीवर राहावयास आले. तेथे वडिलांनी बांधलेले विटांचे घर आजही जतन करून ठेवलेले आहे. आईवडील दोघेही क्वेकर पंथाच्या वातावरणात वाढलेले. हा ख्रिस्ती पंथ शांततावादी; युद्ध करणे हे पाप असे मानणारा, आणि प्रत्येकाच्या अंतःकरणात ईश्वराचा प्रकाश असतो, त्याला जागून वागावे, असे शिकवणारा. डिकिन्सनने मोठेपणी या पंथाचे रीतसर सभासदत्व घेतले नाही. स्वसंरक्षणासाठी शस्त्र उचलणे त्याला मान्य होते. परंतु आपल्या मनाला जे पटेल तेच बोलावे, मग ते लोकांना रुचो वा न रुचो, हा पंथाचा संस्कार त्याच्या अंगी कायमचा मुरला.

फिलाडेल्फियाला एका वकिलाच्या हाताखाली उमेदवारी केल्यावर १७५३ साली तो लंडनला गेला आणि मिडल टेंपल या नामांकित संस्थेत त्याने कायद्याचा अभ्यास केला. इंग्लंडच्या राज्यघटनेविषयी त्याला मनापासून आदर वाटू लागला तो याच काळात. आणि पार्लमेंटच्या निवडणुकांत चालणारी लाचलुचपत पाहून त्याचे डोळे उघडले तेही याच काळात. १७५७ मध्ये तो परतला, फिलाडेल्फियात त्याची वकिली चांगली चालली, आणि लवकरच तो प्रथम डेलावेअरच्या व नंतर पेन्सिल्व्हेनियाच्या प्रतिनिधिसभेत निवडून आला.

लोकप्रवाहाविरुद्ध उभे राहण्याचा पहिला प्रसंग १७६४ साली आला. पेन्सिल्व्हेनियाचा कारभार तेव्हा पेन घराण्याच्या सनदेखाली चालत असे. या घराण्याचा अंमल काढून घेऊन वसाहत थेट राजाच्या ताब्यात द्यावी, अशी चळवळ बेंजामिन फ्रँकलिनने आरंभली होती. सभेतील बहुमत फ्रँकलिनच्या बाजूला होते. पेन घराण्याचा कारभार डिकिन्सनलाही फारसा प्रिय नव्हता. तथापि त्याचे म्हणणे असे की, सनदेने दिलेले हक्क, विशेषतः धर्मस्वातंत्र्याचा हक्क, राजाच्या हाती गेल्यावर टिकतील याची हमी काय? आज हातात आहे ते सोडून उद्याच्या आशेवर उडी मारू नका, हा त्याचा इशारा होता. जवळजवळ एकट्याने त्याने ही बाजू लढवली आणि पुढल्या निवडणुकीच्या धामधुमीतही ती सोडली नाही. बारा वर्षांनंतर घडणाऱ्या मोठ्या नाट्याची ही जणू रंगीत तालीमच होती.

मधल्या काळात मात्र तोच सर्व वसाहतींचा लाडका पुढारी बनला, आणि तोही लेखणीच्या बळावर. १७६५ च्या स्टँप कायद्याविरुद्ध न्यूयॉर्कला वसाहतींच्या प्रतिनिधींची परिषद भरली, तेव्हा हक्कांच्या ठरावांचा मसुदा करण्याचे काम मुख्यतः डिकिन्सनकडे आले. पुढे १७६७ साली इंग्लंडचा अर्थमंत्री टाउनशेंड याने काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर नवे कर बसविले. हे कर रकमेने लहान होते. म्हणून पुष्कळांना त्यांत विशेष काही वाटले नाही. डिकिन्सनने नेमके येथेच बोट ठेवले. डिसेंबर १७६७ पासून फिलाडेल्फियाच्या एका साप्ताहिकात ‘पेन्सिल्व्हेनियातील एका शेतकऱ्याची पत्रे’ प्रसिद्ध होऊ लागली. अशी बारा पत्रे निघाली. लिहिणारा शेतकरी म्हणजे शहरातला हा श्रीमंत वकील, हे प्रारंभी थोड्यांनाच ठाऊक होते.

या पत्रांतील युक्तिवाद आजही वाचनीय आहे. साम्राज्याच्या व्यापाराला वळण लावण्यासाठी जकात बसविण्याचा अधिकार पार्लमेंटला आहे, हे तो मान्य करतो. परंतु ज्यांचा एकही प्रतिनिधी पार्लमेंटात नाही, त्यांच्या खिशातून महसूल काढण्यासाठी कर बसविण्याचा अधिकार तिला मुळीच नाही. कर लहान आहे म्हणून गप्प बसणे हाच मोठा धोका. कारण लहान रक्कम लोक मुकाट्याने देतात, आणि एकदा पायंडा पडला की मोठी रक्कम मागण्यास वाट मोकळी होते. त्याच वेळी पत्रकर्ता वाचकांना बजावतो की, दंगल, जाळपोळ, शिवीगाळ यांनी आपली बाजू दुबळी होते. अर्ज करा, मालावर बहिष्कार घाला, आणि अगदी अखेरचा उपाय म्हणूनच शस्त्राचा विचार करा. ही पत्रे वसाहतींतील बहुतेक वृत्तपत्रांनी पुन्हा छापली. बोस्टनच्या नागरिकांनी सभा भरवून शेतकऱ्याचे आभार मानले. लंडनच्या आवृत्तीला खुद्द फ्रँकलिनने प्रस्तावना जोडली आणि फ्रेंच भाषेतही अनुवाद झाला. टॉमस पेनचे प्रसिद्ध पुस्तक १७७६ मध्ये निघेपर्यंत अमेरिकेत एवढे वाचले गेलेले राजकीय लेखन दुसरे नव्हते.

१७७० साली त्याचा विवाह मेरी नॉरिस हिच्याशी झाला. तिचे वडील आयझॅक नॉरिस हे पेन्सिल्व्हेनिया सभेचे अध्यक्ष होते; पुढे स्वातंत्र्यघंटा म्हणून जगप्रसिद्ध झालेली घंटा लंडनहून मागविणारे ते हेच. मेरी निष्ठावान क्वेकर होती.

त्यानंतर घटना वेगाने घडू लागल्या. डिसेंबर १७७३ मध्ये बोस्टनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीचा चहा समुद्रात फेकला गेला. ज्या कंपनीचे मुंबईकर अधिकारी थोड्याच काळात राघोबादादांशी सुरतेचा तह करून पेशवाईच्या गृहकलहात उतरणार होते, तिच्याच चहाच्या पेट्या या होत्या. इंग्लंडने बोस्टनचे बंदर बंद केले; वसाहतींची पहिली काँग्रेस १७७४ मध्ये फिलाडेल्फियाला भरली; आणि १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टन व कॉनकॉर्ड येथे गोळीबार होऊन युद्धाला तोंड फुटले.

या वेळी डिकिन्सनने एकाच महिन्यात दोन कागद तयार केले. जुलै १७७५ मध्ये काँग्रेसने शस्त्र उचलण्याची कारणे सांगणारे एक निवेदन प्रसिद्ध केले. त्याचा अखेरचा मसुदा जेफर्सनच्या मजकुरावर संस्कार करून डिकिन्सनने सिद्ध केला होता, आणि त्यातली भाषा चांगली कडक होती. त्याच आठवड्यात त्याच्याच आग्रहाने राजाकडे समेटाचा अखेरचा अर्ज पाठविण्याचे ठरले. शांततेचे प्रतीक म्हणून या अर्जाला ऑलिव्हच्या डहाळीचे नाव मिळाले. एका हातात डहाळी आणि दुसऱ्या हातात तलवार, असे हे धोरण. तलवारही केवळ कागदावरची नव्हती. क्वेकरांच्या प्रभावामुळे पेन्सिल्व्हेनियात सक्तीची नागरी फौज म्हणजे मिलिशिया नव्हती. १७४७ साली फ्रँकलिनने स्वयंसेवकांच्या पलटणी उभारण्याची प्रथा सुरू केली होती. या पलटणींत पगारी शिपाई नसत. दुकानदार, सुतार, लोहार, शेतकरी असे आसपासचे लोक वेळ येईल तेव्हा बंदूक घेऊन उभे राहत. १७७५ मध्ये फिलाडेल्फियाच्या पहिल्या पलटणीचे कर्नलपद डिकिन्सनने स्वीकारले.

समेटाच्या अर्जाने काँग्रेसमधील उतावळ्या मंडळींचा संताप झाला. त्यांचा म्होरक्या मॅसॅच्युसेट्सचा जॉन ॲडम्स. त्याने एका खाजगी पत्रात डिकिन्सनची मोठी दौलत आणि छोटी बुद्धी, अशा अर्थाची हेटाळणी केली. दैव असे की ते पत्र इंग्रजांच्या हाती लागले आणि त्यांनी ते छापून टाकले! त्यानंतर रस्त्यात गाठ पडली तरी डिकिन्सनने ॲडम्सकडे पाहिले नाही. मात्र फेब्रुवारी १७७६ मध्ये न्यूयॉर्कच्या संरक्षणासाठी पलटण पाठविण्याचा प्रश्न निघाला आणि पहिला कर्नल या नात्याने जाण्याचा पहिला हक्क आपला, असा डिकिन्सनने आग्रह धरला, तेव्हा याच ॲडम्सने पत्नीला लिहिलेल्या पत्रात त्याच्या या तडफेची मनमोकळी वाखाणणी केली.

राजाने तो अर्ज हातातही घेतला नाही. ऑगस्ट १७७५ मध्येच त्याने वसाहती बंडखोर ठरविल्या होत्या. जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेनच्या पुस्तकाने लोकमत पेटविले, आणि ७ जून रोजी व्हर्जिनियाच्या रिचर्ड हेन्री लीने काँग्रेसपुढे स्वातंत्र्याचा ठराव मांडला. निर्णय १ जुलैवर ढकलण्यात आला. मधल्या वेळात तीन समित्या नेमल्या गेल्या : एक जाहीरनामा लिहिण्यासाठी, एक परराष्ट्रांशी करावयाच्या तहांच्या नमुन्यासाठी, आणि एक वसाहतींच्या संघराज्याची घटना तयार करण्यासाठी. या शेवटच्या समितीतील मसुद्याचा मुख्य भार डिकिन्सनवर होता. म्हणजे ज्या राष्ट्राच्या तात्काळ जन्माला तो विरोध करीत होता, त्याच राष्ट्राची पहिली राज्यघटना तो रात्री बसून लिहीत होता!

१ जुलै १७७६ रोजी तो बोलण्यास उभा राहिला. या भाषणाची त्याची टिपणे शिल्लक आहेत. आपण जे बोलणार आहोत त्याने आपली लोकप्रियता कायमची नष्ट होईल, हे ठाऊक असल्याचे त्याने आरंभीच सांगितले. पण अशा प्रसंगी मौन धरणे हा अपराध ठरेल, असे त्याला वाटत होते. स्वातंत्र्य कधीच नको, असे त्याने म्हटले नाही. त्याचा प्रश्न वेळेचा आणि क्रमाचा होता. फ्रान्ससारख्या सत्तेचे साहाय्य अद्याप निश्चित झालेले नाही. वसाहतींची आपापसांतील बांधणी झालेली नाही. त्यांच्या सरहद्दींचे तंटे मिटलेले नाहीत. अशा स्थितीत जाहीरनामा काढणे म्हणजे कागदाच्या होडीतून वादळात शिरण्यासारखे आहे, असे त्याने बजावले. ॲडम्सने त्याला उत्तर दिले. त्या दिवशीच्या कच्च्या मतदानात नऊ वसाहती अनुकूल, पेन्सिल्व्हेनिया व साउथ कॅरोलिना प्रतिकूल, डेलावेअर दुभंगलेले, आणि न्यूयॉर्क आदेशाअभावी तटस्थ, असे चित्र निघाले.

दुसऱ्या दिवशी २ जुलैला अंतिम मतदान होते. साउथ कॅरोलिनाने मत बदलले. डेलावेअरचा सीझर रॉडनी हा आजारी मिलिशिया-सेनापती डोव्हरहून रात्रभर प्रवास करून ऐन वेळी येऊन पोचला आणि त्याचे मत डेलावेअरला अनुकूल पारड्यात घेऊन गेले. राहता राहिले पेन्सिल्व्हेनिया. आदल्या दिवशीप्रमाणे डिकिन्सन आणि त्याचा मित्र रॉबर्ट मॉरिस मत देते, तर पेन्सिल्व्हेनिया विरुद्धच गेले असते. परंतु हे दोघेही आपल्या जागांवर नव्हते. ते मुद्दाम सभागृहाच्या मतदानापासून दूर राहिले. उरलेल्या पाचांत फ्रँकलिन, मॉर्टन व विल्सन हे तिघे अनुकूल, दोघे प्रतिकूल. तीन विरुद्ध दोन मतांनी पेन्सिल्व्हेनिया अनुकूल झाले, आणि बारा वसाहतींच्या एकमताने ठराव संमत झाला.

या अनुपस्थितीचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. डिकिन्सनने मनाविरुद्ध ‘होय’ म्हटले नाही. कारण ते खोटे झाले असते. त्याने हट्टाने ‘नाही’ही म्हटले नाही, कारण राष्ट्राचा कौल आता कोणीकडे आहे हे त्याला दिसत होते, आणि फुटीर राष्ट्राला युद्ध जिंकता येत नाही हेही तो जाणून होता. स्वतःच्या मताशी प्रामाणिक राहून राष्ट्राच्या एकीला वाट करून देण्याचा एकच मार्ग उरला होता, तो म्हणजे बाजूला होणे. तो त्याने पत्करला.

थोड्याच दिवसांनी तो आपली पलटण घेऊन न्यूजर्सीतील एलिझाबेथटाउन येथे गेला. समोरच्या स्टेटन बेटावर इंग्रजांचे प्रचंड सैन्य उतरले होते. तो तेथे छावणीत असतानाच पेन्सिल्व्हेनियाच्या नव्या राज्यकर्त्यांनी त्याला काँग्रेसच्या सभासदत्वावरून वगळले, आणि त्याच्याहून कनिष्ठ अधिकाऱ्यांना त्याच्या डोक्यावर सेनापतिपदे मिळाली. २ ऑगस्टला फिलाडेल्फियात जाहीरनाम्याच्या सुवाच्य प्रतीवर सह्या होऊ लागल्या. मॉरिसने तर आपला विरोध विसरून पुढे सही केली. डिकिन्सनची सही तेथे कधीच पडली नाही. पलटणीची ती मुदत संपल्यावर सप्टेंबरअखेर त्याने कर्नलपदाचा राजीनामा दिला.

यानंतरचे काही महिने त्याच्या आयुष्यातील सर्वांत हीन काळ होता, हे लपविण्याचे कारण नाही. डिसेंबर १७७६ मध्ये इंग्रज फिलाडेल्फियाकडे येऊ लागताच तो कुटुंबासह डेलावेअरला गेला. तेथून त्याने आपला भाऊ फिलेमन याला, काँग्रेसने काढलेल्या कागदी नोटा तूर्त घेऊ नकोस, असा सल्ला कळविला. हा फिलेमन म्हणजे न्यूजर्सीच्या मिलिशियातील सेनापती! ही चिठ्ठी मध्येच पकडली गेली आणि डिकिन्सन फितूर झाला अशी आवई उठली. चिठ्ठीत राजद्रोह नव्हता, पण संकटकाळी पुढाऱ्याने ज्या गोष्टीला धक्का लावू नये, त्या चलनावरील विश्वासाला तिने धक्का लावला, यात शंका नाही.

परंतु १७७७ च्या उन्हाळ्याअखेर जनरल हाव याचे सैन्य चेसापीक उपसागराच्या उत्तर टोकाशी उतरून फिलाडेल्फियाकडे निघाले, तेव्हा डेलावेअरच्या मिलिशियात एक नवा शिपाई खांद्यावर बंदूक टाकून दाखल झाला. गतवर्षीचा कर्नल, ‘शेतकऱ्याच्या पत्रां’चा लेखक, दोन वसाहतींचा पुढारी जॉन डिकिन्सन साधा शिपाई म्हणून रांगेत उभा होता! वयाची चव्वेचाळीस वर्षे उलटून गेलेली, प्रकृती तोळामासा. त्या सप्टेंबरात इंग्रजांनी फिलाडेल्फिया घेतले. शहरात प्रथम शिरलेल्या तुकड्यांचा नायक होता लॉर्ड कॉर्नवॉलिस, जो पुढे १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरण गेला आणि १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. टिपूविरुद्धच्या लढाईत मराठ्यांच्या सैन्याने त्याच्या बरोबरीने भाग घेतल्याचे आपणास ठाऊकच आहे. शहराच्या उत्तरेस असलेले डिकिन्सन दांपत्याचे फेअरहिल येथील घर इंग्रजांनी त्या वर्षाच्या अखेरीस जाळून टाकले.

याच १७७७ साली त्याने आणखी एक कागद लिहिला. त्याच्या जमिनीवर गुलाम राबत होते. डेलावेअरमधील मोठ्या गुलाम-मालकांत त्याची गणना होती. मनुष्याच्या हक्कांवर लिहिणाऱ्याने माणसे मालमत्ता म्हणून बाळगावीत, हा विरोध त्याला अखेर टोचला. त्या वर्षी त्याने गुलामांच्या मुक्ततेचे पत्र केले खरे, पण एकवीस वर्षे काम करण्याची अट घालून! १७८६ साली ती अट काढून त्याने त्यांना बिनशर्त मुक्त केले. गुलाम बाळगणाऱ्या त्या पिढीतील थोर पुरुषांत हयातीतच असे करणारे विरळा. तथापि मुक्तता देण्याइतकी दृष्टी यावयास अर्धे आयुष्य लागले, हेही इतिहासाने लिहून ठेवले पाहिजे. २०२१ मध्ये त्याच्या डोव्हरजवळील जमिनीवर त्या कष्टकऱ्यांची दफनभूमी सापडल्याचे जाहीर झाले. घर सर्वांना ठाऊक होते. ते चालविणाऱ्यांची शेवटची जागा सापडावयास सव्वादोनशेहून अधिक वर्षे गेली.

लोकांचा राग हळूहळू निवळला. १७७९ मध्ये डेलावेअरने त्याला पुन्हा काँग्रेसमध्ये पाठविले आणि ज्या संघराज्याच्या घटनेचा पहिला मसुदा त्याने केला होता, तिच्यावर त्याने डेलावेअरतर्फे सही केली. १७८१ मध्ये तो डेलावेअरचा अध्यक्ष म्हणजे राज्यप्रमुख निवडला गेला. विरुद्ध पडलेले एकमेव मत त्याचे स्वतःचे होते, असे सांगतात. पुढच्याच वर्षी पेन्सिल्व्हेनियानेही त्याला राज्याचे अध्यक्षपद दिले. त्या वेळी एका टोपणनावाच्या लेखकाने वृत्तपत्रातून जुने सारे आरोप पुन्हा उकरून काढले. डिकिन्सनने त्याला सविस्तर जाहीर उत्तर दिले. १७७६ मध्ये आपण स्वातंत्र्याच्या वेळेबद्दल वाद केला हे त्याने नाकारले नाही. परंतु निर्णय झाल्यावर त्या निर्णयासाठी आपण शस्त्र घेऊन उभे राहिलो, हे त्याने निदर्शनास आणले.

जून १७८३ मध्ये त्याची कसोटी निराळ्या प्रकारे लागली. पगार थकलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसच्या इमारतीला गराडा घातला. मिलिशिया बोलावून त्यांना हुसकून लावा, अशी काँग्रेसची मागणी होती. डिकिन्सन मिलिशियाला आतून ओळखत होता. काल खांद्याला खांदा लावून लढलेल्या उपाशी शिपायांवर शहरातले सुतार-लोहार गोळी झाडणार नाहीत, आणि झाडली तर रक्तपात थांबणार नाही, असा त्याचा अंदाज होता. त्याने मिलिशिया बोलावली नाही. काँग्रेस रागाने प्रिन्सटनला निघून गेली. बंड मात्र रक्त न सांडता शमले. यात राज्यसत्तेची अप्रतिष्ठा झाली असे टीकाकार म्हणतात, आणि ते अगदीच खोटे नाही. त्याच वर्षी कार्लाइल गावी डॉ. बेंजामिन रश यांच्या प्रयत्नाने एक कॉलेज निघाले व त्याला डिकिन्सनचे नाव देण्यात आले. डिकिन्सन दांपत्याने नॉरिस घराण्याचा मोठा ग्रंथसंग्रह या कॉलेजास दिला. ते कॉलेज आजही चालू आहे. घर जळाले तरी पुस्तके विद्यार्थ्यांच्या हाती गेली, ही गोष्ट शिक्षकी पेशातील माणसाला विशेष आनंद देते.

१७८७ साली फिलाडेल्फियात नवी राज्यघटना बनविण्यासाठी परिषद भरली. डिकिन्सन डेलावेअरचा प्रतिनिधी होता. लहान राज्ये मोठ्यांच्या पोटात गडप होतील ही भीती तेथे सर्वांत मोठी अडचण ठरली होती. सीनेटचे सभासद राज्यांच्या विधिमंडळांनी निवडावेत, ही सूचना त्याने मांडली आणि ती स्वीकारली गेली. एका सभागृहात लोकसंख्येचा, दुसऱ्यात राज्यांचा विचार व्हावा, या तडजोडीचा पाया घालण्यात त्याचा हात होता. केवळ तर्कावर विसंबू नका, तर्क फसवू शकतो, अनुभवाचा हात धरा, असे त्याने या परिषदेला सांगितले. अखेरच्या दिवसांत प्रकृती बिघडल्याने त्याला घरी परतावे लागले. परंतु जाण्यापूर्वी आपला सहकारी जॉर्ज रीड याला त्याने आपल्या नावाने सही करण्याचा अधिकार दिला. घटनेवरील ३९ सह्यांपैकी डिकिन्सनची सही रीडच्या हस्ताक्षरात आहे. त्याने जाहीरनाम्यावर सही केली नाही, आणि गैरहजर असतानाही घटनेवर सही राहू नये हे त्याला सोसले नाही. पुढे घटनेच्या समर्थनार्थ त्याने नऊ पत्रे लिहिली, ती ‘फेबियस’ या नावाने. घाईची लढाई टाळून, वेळ काढून, हॅनिबलसारख्या शत्रूला थकविणाऱ्या रोमन सेनापतीचे हे नाव. टोपणनावाच्या निवडीतही माणसाचा स्वभाव प्रकट होतो!

मग १ जुलैच्या वादात बरोबर कोण होते? ॲडम्स की डिकिन्सन? घटनांनी प्रथम ॲडम्सला कौल दिला. राजाने समेटाचे दार स्वतःच बंद केले होते. आणि जाहीरनाम्याशिवाय फ्रान्स उघडपणे मदतीस आला असता, असे म्हणणे कठीण आहे. साराटोगाच्या विजयानंतर फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सने तह केला, तो स्वतंत्र म्हणवणाऱ्या राष्ट्राशी. मात्र डिकिन्सनने दाखविलेला दुसरा धोका अक्षरशः खरा ठरला. बांधणी न झालेल्या राज्यांचा सैल संघ युद्धकाळात कसाबसा टिकला आणि नंतर मोडकळीस आला. काँग्रेसला कर वसूल करण्याचा अधिकार नसल्यामुळे सैनिकांचे पगार थकले, आणि त्याच थकलेल्या पगारापायी १७८३ चा गराडा पडला. डिकिन्सनच्या मूळ मसुद्यात मध्यवर्ती सत्तेला जे बळ होते ते काँग्रेसने पुढे पुष्कळसे काढून टाकले होते. ती चूक दुरुस्त करावयास १७८७ साल उजाडावे लागले. म्हणून असे म्हणता येईल की, उडी मारण्याचा क्षण ॲडम्सने अचूक ओळखला, तर उडी मारल्यावर पाय कोठे मुरगळेल हे डिकिन्सनने अचूक सांगितले. राष्ट्राला दोघांचीही गरज होती.

आपल्याकडे सभासंस्थांतून एक दृश्य वारंवार दिसते. ठराव आपल्या मनाविरुद्ध मंजूर झाला की पराभूत बाजू सभात्याग करते, नंतर तो ठराव फसावा म्हणून देव पाण्यात घालून बसते, आणि फसला की ‘मी सांगत नव्हतो?’ म्हणून मिरवते. उलट जिंकलेली बाजू कालच्या विरोधकाला देशद्रोही ठरवून मोकळी होते. लोकशाहीला दोन्ही प्रवृत्ती सारख्याच घातक आहेत. चर्चेच्या वेळी निर्भयपणे बोलावे. निर्णयाच्या वेळी एकीच्या आड येऊ नये. आणि अंमलबजावणीच्या वेळी, निर्णय आपला नसला तरी, सर्वांच्या पुढे उभे राहावे. हे बोलणे सोपे, आचरणे फार कठीण. डिकिन्सनच्या वागण्यातील जे सूत्र मी प्रारंभी म्हटले, ते हेच.

१४ फेब्रुवारी १८०८ रोजी विल्मिंग्टन येथे डिकिन्सन मरण पावला आणि तेथील क्वेकरांच्या दफनभूमीत त्याला मूठमाती देण्यात आली. त्या वेळी अमेरिकेचा अध्यक्ष होता टॉमस जेफर्सन, म्हणजे ज्या जाहीरनाम्यावर डिकिन्सनने सही केली नाही, त्याचा लेखक. स्वदेशाच्या हक्कांसाठी उठलेल्या पहिल्या पुरस्कर्त्यांत डिकिन्सनची गणना करून जेफर्सनने त्याचा गौरव केला, आणि काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांच्या सभासदांनी दुखवट्याची काळी फीत दंडावर बांधली. त्यानंतर अठरा वर्षांनी ट्रंबुलचे चित्र घुमटाखाली लागले. सह्या करणाऱ्यांच्या त्या मेळाव्यात सही न करणाऱ्या डिकिन्सनची आकृती तेथे अद्याप उभी आहे.